मोडनिंबची मागची खोली

आमचे अण्णा, म्हणजे वडील, बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. मोहोळ ओलांडून टेंभुर्णीकडं निघालं की मोडनिंब लागतं. तिथल्या संगीत बारीच्या, म्हणजे लावणीच्या पार्ट्यांच्या, थिएटरात त्यांचं नेहमीचं काम. हत्यारांची पिशवी घेऊन मी मागं. दुपारी थिएटर निजलेलं असायचं. वर पत्रे, गुडघाभर उंच रंगमंच, समोर रिकाम्या खुर्च्या. पाठीमागं पार्ट्यांच्या राहत्या खोल्या. दोरीवर नऊवारी वाळत, खाली पोरं पाटीवर गणितं सोडवत. रात्री एकेक पार्टी आपल्या पाळीनं रंगमंचावर उभी राहायची.

अण्णांचा जीव मात्र बैठकीच्या खोलीत. बारकी खोली, खाली गादी, भिंतीला लोड. पुढच्या हॉलात ढोलकी कडाडते, चाळ वाजतात, त्यात गळ्यातली बारीक हरकत बुडून जाते. इथं बाई हातभर अंतरावर बसून गाते; एकच ओळ चार वेळा म्हणते आणि चारही वेळा डोळे वेगळं बोलतात. म्हणून या खोलीतल्या पेटीचा सूर कणभर उतरलेला अण्णांना खपायचा नाही. भाता गळत असेल तर जेवणसुद्धा लांबायचं.

कॉलेजात गेल्यावर वडील कुठं जातात, हे मी कुणाला सांगितलं नाही. शाहीर राम जोशी आमच्या सोलापूरचे. पुराणिकाच्या घरातला हा मुलगा तमाशाच्या ओढीनं घराबाहेर पडला. त्यांच्यावरचा १९४७ सालचा चित्रपट आमच्या घरात कौतुकाचा विषय. शाहिराचा अभिमान वाटायचा आणि त्यांची लावणी जिथं अजून गायली जाते, त्या जागेची लाज. मला ते खटकलंसुद्धा नाही.

१९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ आलं, तमाशात नाचणाऱ्या बाईच्या मुलाचं आत्मकथन. लिहिणारे डॉ. किशोर शांताबाई काळे करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे, आमच्याच जिल्ह्यातले. वाचताना दोरीखालची ती पोरं आठवली. इतक्या खेपा केल्या, पण त्यांच्यातल्या एकालाही मी नाव विचारलं नव्हतं. पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो.

अण्णा गेल्यावर बायकोला घेऊन मोडनिंबला गेलो. पुढं सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश चालू होती. आम्ही बैठक मागितली. वयस्क बाई आल्या, पदर सावरून बसल्या, पेटीवर सूर धरला आणि जुनी लावणी गायल्या. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही.

तुम्ही पुणे-सोलापूर रस्त्यानं जाल तेव्हा तिथं थांबा. घरच्यांना बरोबर न्या. मागच्या खोलीत बसा, जुनी लावणी मागा, आणि गाणाऱ्या बाईंना आधी त्यांचं नाव विचारा.