वाळक्या पोरांचा ब्रूस ली

मीटरगेज गाडीच्या शिट्टीवर ज्यांच्या घरातली कामं चालायची, त्या आमच्या लासूर स्टेशनातल्या पोरांनी नानचाकू कधी विकत घेतला नाही. कुदळीचा मोडका दांडा मधोमध कापायचा. तापल्या सळईनं टोकांना भोकं पाडायची. सायकलच्या जुन्या चेनचा तुकडा तारेनं आवळायचा. चेन नसली तर चऱ्हाट. मुठीला फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या. पहिले काही दिवस कोपरावर टेंगळं, टेंगळांवर हळद, आणि हळद लावता लावता आईची बोलणी.

आडतीवरचं फाटकं बारदान दाभण-सुतळीनं शिवायचं, वाळू भरून लिंबाच्या फांदीला टांगायचं. लाथा मारून विजार उसवली की आज्जी ठिगळ लावायची आणि म्हणायची, “तुमचा तो ब्रूसली एकदा माझ्यापुढं आणा रे!”

मग गल्लीची वर्गणी, भाड्याचा व्हीसीआर, ओट्यावर टीव्ही, खाली पोती नि सतरंज्या. ‘एंटर द ड्रॅगन’मधलं इंग्रजी कुणाला कळत नसे आणि कुणाचं अडतही नसे. आरशांच्या खोलीतली झुंज आली की तीच आज्जी जपमाळ थांबवून बघायची.

ब्रूस ली आमच्या ओट्यावर आला, तेव्हा त्याला जाऊन कैक वर्षं झाली होती. २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये तो गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी, हा सिनेमा पडद्यावर यायच्याही आधी.

दारासिंग आमचाच होता. पण पैलवानकी म्हणजे दूध, तूप, बदाम. कोरडवाहू घरातलं दूध डेअरीला जायचं. ब्रूस ली मात्र अंगानं आमच्यासारखाच सडपातळ, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. वाळक्या पोरांना त्यानं छाती काढून चालायला शिकवलं.

हाँगकाँगमध्ये इप मान यांच्याकडं तो विंग चुन शिकला. पुढं त्यात बॉक्सिंग आणि तलवारबाजीतलंही कामाचं तेवढं घेऊन जीत कुन डो हे स्वतःचं युद्धतंत्र उभं केलं. १९७० मध्ये पाठ दुखावली, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला, तर पडल्या पडल्या वह्या भरल्या. आणि १९७१ मध्ये ‘द बिग बॉस’मधून पुन्हा लाथ उगारली. हाताशी आहे त्यातून उभं करायचं, मोडलं तर सांधायचं: आमच्या घरांची रीत हीच तर होती.

आता आमच्या लेकी पांढरे गणवेश घालून कराटेला जातात. बारदान गेलं, चऱ्हाट गेलं, पण आमचं सांगणं तेच आहे: आधी रोजचा सराव, मग पट्ट्याचा रंग.