फोटो माझा, लोगो त्यांचा

2019 चा पूर. कमरेएवढ्या पाण्यातून म्हातारीला खांद्यावर घेऊन निघालेला एक पोरगा. तो फोटो मी सकाळी सहाला काढला आणि दहाला एका मोठ्या चॅनेलवर त्यांच्या लोगोसकट फिरत होता. फोन केला तर उत्तर आलं, “व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला हो!” विषय संपला.

वकील मित्र म्हणाला, “दावा लाव की. तू पगारी नोकर नाहीस, फोटोचा हक्क तुझाच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 प्रमाणे तू राहतोस त्याच जिल्ह्याच्या कोर्टात लावता येतो. नोंदणीही लागत नाही.” पण तारखा, फी, खेटे... मी गप्प बसलो.

हे आठवलं कारण परवा संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीचा 161 वा अहवाल वाचत होतो. जुलै 2021 चा, बौद्धिक संपदेवरचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने वटहुकूम काढून बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद केलं. पेटंट, ट्रेडमार्कची अपिलं ऐकणारं हे मंडळ 2003 पासून चालू होतं. त्याचं बरंचसं काम हायकोर्टांकडे गेलं. समितीने सांगितलं, कोर्टात आधीच खटले तुंबलेत, त्यात भर पडेल, फेरविचार करा. समितीत वेगवेगळ्या पक्षांचे खासदार असतात बरं का. पण शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. ऑगस्टमध्ये संसदेने मंडळ बंद करणारा कायदाच मंजूर केला.

माझ्या फोटोचं प्रकरण त्या मंडळाकडे गेलंच नसतं, हे खरं. पण दुखणं तेच. हक्क कायद्यात आहे, तो मागायला जायचं तर वर्षं जातात. मग माझ्यासारखा माणूस घरीच बसतो.

आता माझंही सांगतो. गेल्या वर्षी गावाकडच्या एका कॉलेजच्या पोराने गारपिटीचा फोटो पाठवला. मी बातमीत लावला, नाव टाकलं नाही. त्याने विचारलं तर म्हणालो, “अरे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ना!” फोन ठेवल्यावर कळलं, हे वाक्य मी आधी कुठे ऐकलंय ते.

त्याची माफी मागितली, नाव छापलं. तुमचा फोटो माझ्या बातमीत बिननावाचा गेला असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा. दुरुस्त करतो. त्याला कोर्ट लागणार नाही.