हृदय थांबल्यानंतरची चार मिनिटं

१९८८ साली ए. जे. एअर हे ब्रिटिश तत्त्वज्ञ लंडनच्या रुग्णालयात होते. माशाचा तुकडा घशात अडकला आणि त्यांचं हृदय चार मिनिटं बंद पडलं. पडताळून पाहता येत नाही ते विधान निरर्थक, असं तरुणपणापासून ठणकावून सांगणारा हा कट्टर नास्तिक. वाचल्यावर त्यांनी सांगितलं ते काय, तर डोळ्यांना सोसवेना असा लाल प्रकाश, आणि विश्वाचा कारभार त्याच्याच हाती आहे ही जाणीव.

एअर यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी अनुभव लपवला नाही, त्यावर लेख लिहून छापला. हृदय थांबलं तरी मेंदू चालू राहिला असावा, ही शक्यताही त्यांनीच मांडली. नास्तिकपण शेवटपर्यंत सोडलं नाही.

मन म्हणजे मेंदूचंच काम, हे भौतिकवादाचं म्हणणं. ते अशा अनुभवांनी खोटं ठरतं का? सगळं अडतं ते एकाच प्रश्नावर: अनुभव आला नेमका कधी? मेंदू गप्प असताना, विझण्याआधी, की शुद्धीवर येता येता? रुग्ण सांगतो ते नंतर, आठवून. आणि आठवणीवर टपालाचा शिक्का नसतो.

काही रुग्ण सांगतात, आपण शरीराबाहेर जाऊन वरून सगळं पाहिलं. हे तपासायला डॉक्टर सॅम पार्निया यांनी एक युक्ती वापरली. रुग्णालयांत उंचावर फळ्या बसवून त्यांवर फक्त वरून दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ साली निष्कर्ष आले. हृदय बंद पडल्याच्या २,०६० घटना. मुलाखती देऊ शकले १४० जण. आजूबाजूला काय चाललं होतं ते पाहिल्या-ऐकल्याचं सांगणारे अवघे दोन. आणि दोघांच्याही जवळ फळी नव्हती! वाचताना जीव हळहळला.

भारतात मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा यांनी मरणाच्या दारातून परतलेल्यांच्या जमवलेल्या हकिकतींत पाश्चात्त्य वर्णनांतला प्रकाशाचा बोगदा नाही. यमदूत नेतात, वही उघडली जाते, भलताच माणूस आणला म्हणून परत धाडतात. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींचा रंग या दृश्यांना आहे, हे नाकारता येत नाही.

म्हणून भौतिकवाद ढासळला असं मला म्हणवत नाही. पण मेंदूचा आलेख पुढे करून कोडं सुटलं म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. मेंदूत विद्युतलहर उठते, तिचा लाल रंग कुणाला तरी *दिसतो* कसा? हा सांधा मरणाच्या दारातच नव्हे, सकाळच्या चहाच्या चवीतही सापडलेला नाही. मला अस्वस्थ करतं ते हे. तरीही त्या फळ्या आणखी रुग्णालयांत लागाव्यात असं मनापासून वाटतं. उद्या एखाद्याने चित्र अचूक सांगितलं, आणि तसंच दुसरीकडेही घडलं, तर मला माझं मत मुळापासून तपासावं लागेल.