सुट्या चिठ्ठ्या

कोणतीही संहिता एकटी वाचू नये, तिच्या शेजारी काय आहे त्यावर तिचा अर्थ पालटतो, असे आम्ही दोघे भाऊ वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. घरात हेच सूत्र लावण्याची वेळ आली तेव्हा मात्र आम्ही चुकलो.

७८व्या वर्षी आईला नागीण झाली. बरगडीखाली उजवीकडे फोडांचा पट्टा उमटला. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, असे शेजारच्या काकू म्हणाल्या. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो, उतारवयात एखाद्या तंतूच्या वाटेने वर येतो आणि सहसा शरीराची मधली रेषा ओलांडत नाही, हे आम्हांस ठाऊक होते. त्याचा थोडा गर्वही होता.

डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिर आणि वेदनेसाठी प्रिगॅबॅलिन दिले. आग शमेना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रॅमॅडॉल लिहिले. झोपेसाठी अल्प्राझोलाम तर आई कित्येक वर्षे घेतच होती. आठवड्याभरात ती दिवसाही पेंगू लागली, दिवंगत मावशीशी बोलू लागली आणि एका पहाटे न्हाणीघराच्या दाराशी पडली. ‘वय झाले,’ असे आम्ही एकमेकांस म्हणालो.

रुग्णालयातील तरुण डॉक्टरबाईंनी प्रथम एवढेच सांगितले, ‘‘घरातल्या त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा.’’ मग त्यांनी उलगडून सांगितले. प्रिगॅबॅलिन, ट्रॅमॅडॉल आणि अल्प्राझोलाम ही तिन्ही औषधे गुंगी आणणारी. एकत्र आली की गुंगी वाढते, श्वासही मंदावू शकतो. प्रिगॅबॅलिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि वयाबरोबर मूत्रपिंडांची शक्ती घटते, म्हणून ते अंगात साचत जाते. ती फार थकलेली असतील तर व्हॅलासायक्लोव्हिरनेही भ्रम होऊ शकतो. प्रिगॅबॅलिनच्या वर्गातील औषधे अफूवर्गीय औषधांसोबत देताना, विशेषतः वृद्धांना, श्वास मंदावण्याचा धोका असतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९मध्येच दिला होता.

ट्रॅमॅडॉल बंद झाले, प्रिगॅबॅलिनची मात्रा घटली. अल्प्राझोलाम एकाएकी थांबवणे धोक्याचे, म्हणून ते देखरेखीखाली हळूहळू उतरवले. पाचव्या दिवशी आईने विचारले, ‘‘मला इथे कधी आणलंत रे?’’

एकही चिठ्ठी आपल्यापुरती चुकीची नव्हती. पहिली थोरल्याच्या फायलीत होती, दुसरी धाकट्याच्या खिशात, आणि झोपेच्या गोळीची चिठ्ठी कधीच हरवली होती. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहणे आमचे काम होते. आम्ही ते वयावर ढकलले.

आता सर्व औषधांची नावे आणि मात्रा एकाच कागदावर आहेत. तो आईने स्वतःच्या ठसठशीत अक्षरांत लिहिला आहे. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती तो आधी मागून घेते. आमच्यावर सोडत नाही.