आधी स्वतःचं माप

शिलाई मशीनवर बसून मला सतरा वर्षं झाली. मोहल्ल्यातल्या बायकांच्या कुर्त्यांची, बुरख्यांची मापं माझ्या वहीत आहेत. स्वतःचं माप मात्र मी कधी घेतलं नव्हतं.

रमजानच्या आधी शिलाईची गर्दी असते. त्या वर्षी कंबर अशी धरली, की सजद्यातून उठताना जमिनीला हात टेकावा लागे. ह्यांनी मोबाईलवर बघून व्यायामाचा मोठा चेंडू मागवला. हवा भरली तर तो ७५ सेंटिमीटरचा! माझी उंची पाच फूट दोन इंच. बसले तर टाचा अधांतरी. तिसऱ्या दिवशी पायांत मोजे होते. गुळगुळीत फरशीवर चेंडू सटकला आणि मी पाठीवर आपटले. सासूबाई म्हणाल्या, "बेटी, हे पोरांचं खेळणं. टाक माळ्यावर." टाकला. कंबर दुखतच राहिली.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिथल्या ताईंनी तपासलं. चेंडूची हकिकत ऐकून म्हणाल्या, "तुम्ही शिवणकाम करता ना? मग एकीच्या मापाचा कुर्ता दुसरीला घालता का?"

मी गप्पच झाले.

त्यांनी मापं सांगितली. उंची पाच फुटांच्या आत असेल तर साधारण ४५ सेंटिमीटर, पाच ते साडेपाच फुटांना ५५, त्याहून उंच माणसाला ६५. पण खरी परीक्षा बसल्यावर : दोन्ही पावलं पूर्ण टेकलेली, गुडघे काटकोनात, मांड्या जमिनीला समांतर. खोक्यावर चेंडू किती वजन पेलतो ते वाचायचं आणि 'अँटी-बर्स्ट' लिहिलेलाच घ्यायचा. त्याला भोक पडलं तरी तो फटकन फुटत नाही, हवा हळूहळू सुटते.

या वेळी ५५ चा आणला. पहिल्या दिवशी थोडी कमी हवा भरली, दुसऱ्या दिवशी बाकीची. मग भिंत आणि लोखंडी पेटी यांच्यामध्ये चेंडू धरून गळ्यातल्या टेपनं अंतर मोजलं. बरोबर ५५!

आता फजरनंतर घर शांत असतं, तेव्हा दहा मिनिटं माझी. सुया-टाचण्या दूर, खाली चटई, पाय अनवाणी, आधाराला भिंत. चेंडूवर ताठ बसून कंबर हळूच पुढे-मागे करते. मग पाठ आणि भिंत यांच्यामध्ये चेंडू धरून थोडी खाली बसते, वर येते. शेवटी उताणी झोपून पोटऱ्या चेंडूवर ठेवते आणि कंबर उचलते. कळ पायात उतरली तर तिथंच थांबायचं, अशी ताईंची ताकीद आहे. मशीनवर मात्र खुर्चीच. दर अर्ध्या तासाने उठते.

जादू झाली नाही. तीन महिने लागले. एके सकाळी सजद्यातून उठले आणि लक्षात आलं, हात टेकला नव्हता. शुक्र अल्लाहचा.

परवा सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्या मापाचा केवढा गं?"

मी टेप घेऊन त्यांना भिंतीशी उभं केलं. चार फूट दहा इंच. "अम्मी, तुमचा ४५ चा. पण आधी ताईंना गुडघे दाखवू."

वहीत त्यांचं माप लिहिलं. त्याच पानावर, वरती, माझंही.