मणक्याच्या ऑपरेशननंतर

ह्यांच्या मणक्याच्या ऑपरेशनआधी कागदावर सही घेताना डॉक्टर म्हणाले होते, "पाय जाण्याचा थोडा धोका असतो." सगळ्यांनाच सांगत असतील, असं म्हणून आम्ही सही केली.

संध्याकाळी वॉर्डात आणलं तेव्हा दोन्ही पाय हलत होते. रात्री पाठीत असह्य कळा सुरू झाल्या. मग पाय जड झाले, आणि थोड्या वेळानं अंगठाही हलेना. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, भुलेचा परिणाम असेल. पण भूल उतरताना पाय हलायला लागतात, हलणारे थांबत नाहीत. मी हटून बसले, तेव्हा कुठे त्यांनी सर्जनना फोन लावला. एमआरआयमध्ये दिसलं की आत रक्त साचून मज्जारज्जू दाबला गेलाय. रात्रीच पुन्हा ऑपरेशन झालं. असा दाब जितका लवकर निघेल तितकी पाय परत येण्याची आशा जास्त, असं सर्जननी नंतर सांगितलं.

घरी आलो तेव्हा पाय हलत नव्हतेच, पण पायांपेक्षा लघवीनंच जास्त दमवलं. कायमच्या नळीमुळे सारखं इन्फेक्शन, हुडहुडी भरून ताप. शेवटी एका सिस्टरनं वेगळी पद्धत शिकवली. दर चार-सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालायची, लघवी झाली की काढून टाकायची. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते आणि हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुढे ते स्वतःच करायला शिकले. ताप कमी झाले, आणि ह्यांचा चेहराही खुलला.

पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड भाड्यानं आणला, तरी ते चुकलं नाही. टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं, कारण पायांना काही कळतच नाही. गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको, भाजलेलंही समजत नाही.

मध्यरात्री गजर वाजला की मला ह्यांचा राग यायचा. ह्यांना ते कळायचं. मग शनिवारी रात्री दीर यायला लागले आणि मी शेजारच्या काकूंकडे जाऊन झोपायचे. त्या झोपेनं मला तारलं.

आधी उजवा अंगठा हलला, बऱ्याच महिन्यांनी गुडघा. आता घरात वॉकर, बाहेर चाकाची खुर्ची. डावा पंजा अजून लोंबतो, त्याला स्प्लिंट लागतो.

तुमच्या घरी कुणाचं असं ऑपरेशन असेल, तर पहिल्या रात्री थोड्या थोड्या वेळानं पायाची बोटं हलवून दाखवायला सांगा. हलायची थांबली तर सकाळची वाट बघू नका.