नदी विचारत विचारत होसकोट्यापर्यंत

‘‘सगळं मिळतं गं इथं. जाडे पोहे मिळतात, भाजणी दळून मिळते, गणपतीच्या दिवसांत मोदकांची पिठीसुद्धा मिळते. नदी तेवढी नाही.’’

के. आर. पुरमला राहणारी माझी ताई गेली एकोणीस वर्षं हे वाक्य ऐकवते आहे. आम्ही सांगलीवाडीच्या. शाळा सांगलीत, मधे कृष्णा. त्यामुळे आयर्विन पुलावरून रोज सायकलनं जाणं-येणं. पुलाच्या मध्यावर एक पाय टेकवायचा, पाणी किती चढलंय ते बघायचं आणि घंटी वाजवत पुढं सुटायचं, हा ताईचा नेम. अशा मुलीला लग्नानंतर बंगळूरच्या पूर्व अंगाला, रेल्वे स्टेशन, डिझेल इंजिनांची शेड आणि जुना मद्रास रस्ता यांच्या मधे संसार थाटावा लागला. पूल इथंही आहे. २००३ साली झालेला, तारांवर तोललेला, चांगला देखणा. पण त्याच्याखालून पाणी वाहत नाही, आगगाड्या जातात.

मागच्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेले तेव्हा स्वयंपाकघरात भावोजींच्या ऑफिसातलं एक कॅलेंडर टांगलेलं होतं. त्या महिन्याचं चित्र फ्रान्सच्या ल्वार नदीचं. रुंद, संथ पाणी, पलीकडे राजवाड्याचे निमुळते मनोरे आणि अलीकडच्या बांधावरून सायकलवर चाललेलं एक कुटुंब. या नदीच्या काठानं सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. पूर अडवायला शेकडो वर्षांपूर्वी घातलेल्या बांधांवरूनही तो कित्येक ठिकाणी जातो. चढ जवळजवळ नाहीतच, त्यामुळे आजी-आजोबाही जातात. ताई पोळ्या लाटता लाटता त्या चित्राकडे बघायची. मी विमानाच्या तिकिटाचा हिशेब केला आणि गप्प बसले.

भावोजी इंजिनिअर. ते म्हणाले, ‘‘आपल्या दारातलं पावसाचं पाणी कुठं जातं, विचार केलाय कधी? बंगळूर उंचवट्यावर बसलंय. पश्चिमेकडचं पाणी कावेरीला जातं. आपलं, म्हणजे पूर्वेकडचं, दक्षिण पिनाकिनीला. ती नंदीच्या डोंगरातून निघते, होसकोट्याच्या तळ्यात येते, पुढं तमिळनाडूत शिरते. तिथं तिला पोन्नैयार म्हणतात. कडलूरपाशी समुद्राला मिळते, पुदुच्चेरीपासून फार लांब नाही.’’

‘‘म्हणजे शेवटी फ्रेंचांच्याच दारात,’’ मी म्हटलं.

ताई हसली नाही. ‘‘एकोणीस वर्षं हे सांगितलं का नाहीत?’’ एवढंच तिनं विचारलं.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमधे तिनं शेजारणीची बास्केटवाली सायकल घेऊन चार फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत खांबाला धडकली, चौथ्या फेरीत घंटी वाजवली. वीस वर्षांत सायकलला हात लावला नव्हता. रविवारी पहाटे सव्वापाचला आम्ही निघालो. मला भाच्याची गिअरची सायकल मिळाली होती. पाठीवरच्या पिशवीत पाणी, शंकरपाळे, हवा भरायचा छोटा पंप.

इतक्या पहाटे निघायचं कारण जुना मद्रास रस्ता. दिवसा या रस्त्यावर ट्रक, बस आणि रिक्षा यांच्यामधे सायकल घालणं म्हणजे वेडेपणा. पहाटे मात्र तो बरा असतो. भट्टरहळ्ळी गेलं, मेडहळ्ळी आलं आणि ताई म्हणाली, ‘‘अगं, पॅडल न मारता चाललेय मी!’’ रस्ता डोळ्यांना सपाट दिसत होता, पण सायकल आपली आपण पुढं सरकत होती. गाडीतून किंवा बसमधून हा उतार कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तिथंच पहिलं पाणी लागलं. येले मल्लप्पा शेट्टी केरे. केरे म्हणजे तळं, येले म्हणजे पान. या नावाच्या विड्याच्या पानांच्या व्यापाऱ्यानं आपली कमाई ओतून हे तळं बांधलं, असं सांगतात. पानं विकून तळं! ऐकायला गोड वाटतं, पण आज तळ्याच्या बऱ्याच भागावर जलपर्णी पसरलेली आहे आणि वारा फिरला की नाकाला पदर लावावा लागतो. शहराचं सांडपाणी इथं येतं. तरी पहाटेच्या अंधुक उजेडात काठानं दोन-तीन बगळे उभे होते.

एक माणूस म्हशी घेऊन चालला होता. ताईनं विचारलं, ‘‘होळे एल्ली?’’ म्हणजे, नदी कुठं आहे?

‘‘मुंदे,’’ तो म्हणाला. पुढं.

बुदिगेरे क्रॉसला चहा घेतला. चहावाल्यालाही तिनं तेच विचारलं. तोही म्हणाला, ‘‘मुंदे.’’

साडेसहाच्या सुमारास होसकोटे आलं. गावात एवढ्या पहाटे हॉटेलांपुढं ही गर्दी! लोक बंगळूरहून गाड्या काढून इथं पहाटेची बिर्याणी खायला येतात. आम्ही दोघींनी इडली खाल्ली आणि तळ्याकडे वळलो.

हे तळं पाहिलं आणि ल्वारचं कॅलेंडर विसरलो. जुन्या गॅझेटिअरमधे बांधाची लांबी दोन मैल दिली आहे आणि तळं भरलं की पाण्याचा घेर दहा मैलांहून कमी नसतो असं म्हटलंय. होसकोटे म्हणजे नवा कोट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मेगौडा नावाच्या पाळेगारानं तो बांधला. नदीला बांध घालायचा, तिचं तळं करायचं, त्यावर नाचणी आणि भात पिकवायचा, भरून वाहिलेलं पाणी खालच्या तळ्याला द्यायचं, ही या मुलखाची जुनी रीत. आपल्याकडे नदी म्हणजे घाट, पायऱ्या, वाळवंट. इथली नदी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात उतरत जाते. ताईला ती एकोणीस वर्षं दिसली नाही, यात तिचा काय दोष?

बांधावर आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. पाण्यावर पेलिकनांचा थवा तरंगत होता आणि समोर धुक्यात ताडाची झाडं. मी ताईला म्हटलं, आपण परक्या मुलखात नाही आहोत. १६३८ साली विजापूरच्या फौजेनं बंगळूर घेतलं आणि पुढं शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तिच्यात बंगळूर आणि कोलारबरोबर हे होसकोटेही होतं.

आणखी एक गोष्ट इथली. ऑगस्ट १७६८. इंग्रज आणि हैदर अली यांची पहिली लढाई चालू होती. इंग्रजांच्या बाजूनं आलेल्या गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची छावणी होसकोट्याजवळ पडली होती. २२ ऑगस्टच्या रात्री हैदरच्या फौजेनं तिच्यावर छापा घातला. म्हैसूरचा इतिहास लिहिणारा विल्क्स सांगतो की, मुराररावांनी हुकूम दिला, कुणीही घोड्यावर बसायचं नाही, आपापल्या घोड्याच्या तोंडाशी उभं राहायचं. म्हणजे अंधारात घोड्यावर दिसेल तो शत्रू! एवढ्यात मुराररावांचा हत्ती जखमी होऊन सुटला. त्यानं आपलाच साखळदंड सोंडेत धरला आणि डावीउजवीकडे फिरवत तो हैदरच्या घोडेस्वारांत घुसला. घोडेस्वार मागच्या आपल्याच पायदळावर जाऊन कोसळले आणि छापा फसला.

‘‘हे आपल्याला शाळेत का नाही शिकवलं?’’ ताईनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तळ्याच्या खालच्या अंगाला एका लहान पुलाशी पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. रस्त्यावर कापलेली नाचणी पसरलेली होती. इकडे शेतकरी अशी कणसं रस्त्यावर टाकतात. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी होते. आमच्या सायकलींनीही थोडं काम केलं. नाचणी उलटवणाऱ्या आजींना ताईनं तिसऱ्यांदा विचारलं, ‘‘होळे एल्ली?’’

आजींनी हातातलं दाताळं पुलाखाली दाखवलं. ‘‘इदे होळे.’’ हीच नदी.

पाऊलभर रुंदीचं पाणी. हिरवट-काळं. काठाला प्लॅस्टिक अडकलेलं, वास येत होता. खाली होसूरजवळ केलवरपल्लीच्या धरणावर याच नदीचा पांढरा फेस साचतो, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येऊन गेले आहेत. इकडे २०१८पासून बंगळूरचं सांडपाणी प्रक्रिया करून, पंपानं चढवून कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडायला सुरुवात झाली. त्यानं विहिरींना पाणी आलं म्हणणारेही भेटतात आणि नाक मुरडणारेही. मला वाटतं, दोघंही खरं बोलत असावेत.

ताई कठड्याला टेकून उभी होती. आमची आई कृष्णा ओलांडताना गाडीतून पैसा टाकायची. ताईनं पर्समधून पाच रुपयांचं नाणं काढलं, खाली वाकून बराच वेळ बघितलं आणि नाणं परत पर्समधे ठेवलं.

‘‘पावसाळ्यात येऊ,’’ ती म्हणाली. ‘‘तेव्हा टाकीन.’’

परतताना मात्र दरी कळली. सकाळी फुकट मिळालेला तो उतार आता उन्हात चढ होऊन उभा होता. मी गिअर बदलत होते. ताईच्या सायकलला गिअर नव्हते. येले मल्लप्पांच्या तळ्यानंतर ती उतरली आणि सायकल ढकलत चालू लागली. तोंड लाल, पदर खोचलेला. मी म्हटलं, रिक्षात घालू या का सायकल? तर म्हणाली, ‘‘कशाला? नदीवरून घरी येताना चढ लागायचाच. सांगलीतसुद्धा लागायचा.’’

तुम्हांला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. के. आर. पुरमपासून होसकोटे साधारण पंधरा किलोमीटर. पहाटे साडेपाचच्या आत निघा आणि नऊच्या आत परता, नाहीतर ट्रकांची गर्दी वाढते. हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा, लहान मुलांना महामार्गावर सायकल देऊ नका. त्यांना गाडीनं होसकोट्यापर्यंत न्या आणि बांधावर पक्षी दाखवा. दुर्बीण असेल तर उत्तम. हातपंप घ्या आणि पंक्चरचं सामान तर नक्कीच घ्या. रविवारी पंक्चरची दुकानं नऊच्या आधी उघडत नाहीत. हे आम्हांला कसं कळलं, ते ताईनं लिहू नकोस म्हणून सांगितलंय.